वाचनालयाचा प्रस्ताव दोनदा दिला, दोनदा गडप. लिहिण्यात कुठं चुकूलालंय सांगा की

मलप्रभाकाठचा:

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, भीमगड जंगलाच्या अंगाचं गाव, नाव सांगत नाही कारण गावातली अर्धी पोरं इथंच पडीक असतात आणि उद्या मला देवळाच्या कट्ट्यावर धरतील. आमचं तरुण मंडळ आहे, गणपती बसवतो, क्रिकेटच्या मॅची घेतो, आता दोन वर्षं झाली डोक्यात आहे की गावात अभ्यासिका करायची. देवस्थान ट्रस्टवाले खोली द्यायला तयार आहेत. पाहिजे काय तर टेबल खुर्च्या, लाईट, इन्व्हर्टर (पावसात आमच्याकडं लाईट पाहुण्यासारखी येते) आणि थोडी पुस्तकं.

तर प्रस्ताव मीच लिहिला कारण शाळेत निबंधात मी पहिला, मराठी मिडीयम, आणि मंडळात दुसरा कोण लिहिणार. सात पानं झाली. एकदा शहरातल्या एका कंपनीच्या सीएसआरला (समाजकामावर पैसे खर्च करणारा विभाग) पाठवला, चार महिने झाले, हो पण नाही आणि नाही पण नाही. दुसऱ्यांदा तोच फोनवर कन्नडमध्ये ट्रान्सलेट करून एका ऑफिसात दिला, तिथल्या साहेबांनी पहिलं पान बघितलं, माझ्याकडं बघितलं, बघूया म्हणाले आणि ट्रेमध्ये टाकला. पोरं म्हणालीत तुझ्या लिहिण्यातच दम नाही. राग आला पण खरं असेल तर सांगा. सुरुवात खाली टाकतोय, फाडा बिनधास्त:

"निसर्गरम्य सह्याद्रीच्या कुशीत, पवित्र मलप्रभेच्या काठी वसलेले आमचे गाव हे संस्कृती व परंपरेचा थोर वारसा लाभलेले एक आदर्श गाव आहे. आजच्या स्पर्धेच्या युगात वाचन ही काळाची गरज बनली असून वाचाल तर वाचाल ही उक्ती सर्वश्रुतच आहे. तरी गावातील होतकरू विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाच्या दृष्टीने सुसज्ज व अद्ययावत अभ्यासिका उभारण्यात यावी अशी समस्त ग्रामस्थांची तीव्र इच्छा असून आपणांस नम्र विनंती की योग्य ते सहकार्य करावे."

यानंतर दीड पान वाचनाचे फायदे, मग गावाचा इतिहास, मग मंडळाची कामं, खर्च शेवटच्या पानावर. बहिणीची एसएसएलसी (दहावी) आहे यंदा, तिचे निबंध पण मीच तपासतोय, त्यामुळं आता जास्तच भीती वाटूलालीय.

जुना_मास्तर:

बाळा, आधी माफी मागतो. हा रोग आम्ही लावलाय. मी सीमाभागातल्या मराठी शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं आणि "सह्याद्रीच्या कुशीत" असं कुणी लिहिलं की मी स्वतः लाल पेनानं छान असं लिहून अर्धा मार्क जास्त टाकायचो. त्या अर्ध्या मार्काची फळं तू आता भोगतोस.

निबंध आणि प्रस्ताव यात फरक कुठं आहे बघ. निबंध तपासणाऱ्याला वाचायचे पैसे मिळतात, आवडो न आवडो शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागतं त्याला. प्रस्ताव वाचणाऱ्यावर तशी कसलीही सक्ती नाही, त्याच्यासमोर तसलेच तीस कागद पडलेत, जेवायची वेळ झालीय आणि तो एकच प्रश्न घेऊन बसलाय की या माणसाला माझ्याकडून नेमकं काय पाहिजे. तुझ्या पहिल्या परिच्छेदात त्याचं उत्तर शेवटच्या दोन शब्दांत आहे, "सहकार्य करावे". आणि ते पण योग्य ते. अरे त्यानं तुला चहा पाजला तरी ते सहकार्यच झालं की.

मी तुझा परिच्छेद असा करीन:

"आमच्या गावातल्या ___ मुलांना संध्याकाळी बसून अभ्यास करायला जागा नाही. देवस्थान ट्रस्टनं ___ बाय ___ ची खोली ___ वर्षांसाठी दिली आहे. तिथं टेबलं, खुर्च्या, दिवे आणि इन्व्हर्टर बसवायला आम्हाला ___ रुपये हवेत."

रिकाम्या जागा तू भर. भरता येत नसतील तर तुझी लिहायची वेळ अजून झालेलीच नाही, पेन ठेव आणि गावात फिरून ये. माझा अनुभव असा की ज्याला माहिती कमी असते तोच विशेषणं जास्त वापरतो. होतकरू, सुसज्ज, अद्ययावत, सर्वांगीण, तीव्र, थोर, आदर्श, पवित्र. मी मोजली, तीन वाक्यांत आठ, निसर्गरम्य धरलं तर नऊ. त्यातलं एक तरी काढून टाकल्यावर वाचणाऱ्याचं काही नुकसान होतं का बघ. सुसज्ज म्हणजे काय? तुझ्या मनात दहा खुर्च्या असतील, त्याच्या मनात एसी असेल.

आणि "उभारण्यात यावी" कुणी उभारायची? ट्रस्टनं, मंडळानं की त्या कंपनीनं? कर्ता लपवला की जबाबदारी पण लपते, आणि पैसे देणारा माणूस जबाबदारीच शोधत असतो.

निपाणी_बसस्टँड:

मास्तर राहू द्या ओ. शब्द बदलून काय होतंय. इथं सगळं ओळखीवर चालतंय. आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेचा कागद एका ओळीचा होता आणि काम झालं, कारण नेलेला माणूस जवळचा होता. पोराला उगाच कामाला लावू नका. आधी माणूस शोध, मग कागद.

तिसरं_गेट:

निपाणीकर, थोडं खरं आहे तुमचं, पण अर्धंच. मी सात वर्षं एका कारखान्याच्या सीएसआर टीममध्ये होतो (नाव नको, अजून मित्र आहेत तिथं). माणूस ओळखीचा असला की कागद वरच्या टेबलावर येतो एवढं नक्की. पण वर आल्यावर कमिटीत कुणीतरी विचारतंच की हे कुठल्या हेडमध्ये टाकू, आणि तिथं तो ओळखीचा माणूस नसतो, कागद एकटाच असतो.

मलप्रभा, तुला आतलं सांगतो कारण हे कुणी लिहून देत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर घालावे लागतात. पण कशावरही नाही, कायद्याला जोडलेली अनुसूची ७ आहे, त्यातल्या विषयांवरच. आता गंमत बघ, त्या यादीत शिक्षण तर आहेच, शिवाय सार्वजनिक वाचनालय उभारणं हे वेगळं स्पष्ट लिहिलंय. तुझ्या सात पानांत ही एक ओळ असती की "हे काम अनुसूची ७ मधल्या शिक्षण आणि सार्वजनिक वाचनालय या दोन्ही बाबींत बसतं" तर माझ्यासारख्याचं निम्मं काम झालं असतं. आम्हाला नोट करून वर पाठवावी लागते, तुझं वाक्य उचलून सरळ नोटमध्ये चिकटवता आलं पाहिजे. पटवून द्यायचं म्हणजे हेच, समोरच्याला त्याच्या साहेबापुढं बोलायला वाक्यं पुरवायची.

त्याच कलमात असं पण आहे की कंपनीनं आपण जिथं काम करतो त्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. म्हणजे कंपनीपासून गाव किती किलोमीटर, तुमच्या गावातली किती माणसं तिथं कामाला जातात, हे लिही. सह्याद्रीची कुस नको, कारखान्याच्या गेटपासूनचं अंतर सांग.

आता कडू गोष्ट. तुझा कागद कितीही चांगला असता तरी बहुतेक पहिल्याच चाळणीत गेला असता. तरुण मंडळाच्या नावावर कंपनी पैसे देऊ शकत नाही. संस्था रजिस्टर पाहिजे, १२ए आणि ८०जी (आयकर खात्याकडच्या नोंदण्या) पाहिजे, १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेला पाहिजे, आणि तसल्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. उद्या जाऊन मंडळ रजिस्टर केलंस तरी तीन वर्षं थांबावं लागेल. म्हणून एखादी जुनी शिक्षण संस्था किंवा ट्रस्ट, ज्यांच्याकडं हे नंबर आहेत, त्यांच्या लेटरहेडवरून जा. आणि हे पहिल्या पानावर लिही, खाली कुठंतरी नको, कारण पात्रता कळल्याशिवाय पुढचं कुणी वाचतच नाही.

वेळ पण बघ. मार्चच्या शेवटी सगळ्यांची धावपळ असते, एप्रिल ते जूनमध्ये नवीन वर्षाचं ठरत असतं. मी असतो तर तेव्हाच दिला असता.

काकवी_मावशी:

मी चिकोडीकडची. आमचा बायकांचा संघ आहे, गुळाच्या लहान वड्या आणि काकवी बाटलीत भरून विकतो. निपाणीच्या दादांना सांगते की आमचं कुणीच ओळखीचं नव्हतं तरी झालं, पण पहिल्यांदा नाही झालं, आणि का नाही झालं ते सांगते, हसू नका.

सूक्ष्म अन्न प्रक्रियेची केंद्राची जी योजना २०२० साली आली, पीएमएफएमई, त्यात खर्चाच्या ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, १० टक्के आपले घालायचे आणि बाकी बँकेचं कर्ज. आपल्या बेळगाव जिल्ह्याला एक जिल्हा एक उत्पादनमध्ये गूळच लागलाय. म्हटलं आपलंच काम. माझ्या पुतण्यानं नेटवरनं एक प्रोजेक्ट रिपोर्ट काढला, चाळीस पानांचा, रंगीत ग्राफ बिफ काय विचारू नका, नाव बदललं आणि आम्ही चौघीजणी नव्या साड्या नेसून बँकेत.

मॅनेजर साहेबांनी चार पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, मावशी तुमचं गुऱ्हाळ तुमकूरला आहे काय? पुतण्यानं सगळीकडं नाव बदललं होतं, अकराव्या पानावर राहिलं होतं. तिथंच मेल्यासारखं झालं. पण खरी चोरी पुढं पकडली. त्यात लिहिलं होतं एका टन उसाला १८० किलो गूळ. साहेब म्हणाले माझं आजोळ ऊसवाल्यांचं आहे, टनाला १०० ते १२० किलोच्या वर गूळ निघालेला मी तरी बघितला नाही, तुम्ही बघितलाय? आता मी जन्मापासून गुऱ्हाळात वाढलेली बाई, मला माहीत नव्हतं होय? पण कागदावर छापलं होतं म्हणून मी वाचलंच नाही. माझ्याच धंद्याची गोष्ट मला खोटी सांगायला लावली त्या कागदानं.

मग दीड महिना मी वहीत लिहिलं. रोज ऊस किती आला, गूळ किती पडला, वड्या किती फुटल्या, लाकूड किती जळलं, शनिवारच्या बाजारात किती गेल्या, परत किती आल्या. परत आलेल्या पण लिहिल्या, लपवल्या नाहीत. दुसऱ्या वेळी नऊ पानांचा रिपोर्ट आणि खाली वहीची झेरॉक्स. साहेबांनी रिपोर्ट वरवर बघितला आणि वही मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. पावसाळ्यात विक्री कमी होती त्या पानावर बोट ठेवून म्हणाले इथं काय झालं? मी म्हटलं साहेब, वड्यांना पाणी सुटतंय, म्हणून तर हवाबंद पॅकिंगचं मशीन मागूलालोय. एवढंच. ते मशीन का पाहिजे हे रिपोर्टमध्ये मी अर्धं पान लिहिलं होतं, पण त्यांना पटलं ते वहीतल्या पडलेल्या आकड्यावरून.

तेव्हा बाळ, तुझ्या गावात लाईट किती जाते ते पाहुण्यासारखी येते असं नको लिहू, एक वही कर.

निपाणी_बसस्टँड:

मावशी तुमचं ऐकून गप्प बसतो. पण व्यायामशाळेचं मी खोटं सांगितलं नव्हतं हं.

आवकजावक:

मी सरकारी ऑफिसात केसवर्कर, म्हणजे फाईली बघणारा कारकून होतो, आता रिटायर. तम्मा, तुझा कन्नड कागद ट्रेमध्ये का गेला ते सांगतो, कारण असले कागद ट्रेमध्ये टाकणारा हात माझाच असायचा.

पहिलं, भाषेचं. कायद्यानं बघितलं तर राज्यघटनेच्या कलम ३५० मध्ये आहे की गाऱ्हाणं मांडायचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत करता येतो. मराठीत दिलास तर चूक नाही, तुझा हक्क आहे आणि तो सोडू नको असंच मी म्हणीन. पण हक्काची गोष्ट वेगळी आणि काम लवकर होण्याची वेगळी, कारण मराठी न येणाऱ्या केसवर्करच्या टेबलावर गेला तर तो आधी भाषांतराला कुणाला तरी शोधणार. मी माणसांना सांगायचो मराठी प्रत सहीची ठेवा आणि सोबत कन्नड प्रत जोडा, दोन्ही द्या. भांडण पण नाही आणि अडचण पण नाही.

पण कन्नड प्रत फोनवरून नको रे बाबा. तुझ्या प्रस्तावात खर्चाच्या पानावर हेडिंग काय होतं? बहुतेक "खर्चाचे अनुमान" असं असणार, पुष्कळ जण लिहितात. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. फोननं तो शब्द तसाच सोडला असेल तर वाचणाऱ्याला दिसतंय "खर्चाचा संशय". त्याला संशय येणारच की. तिथं सरळ "अंदाजु वेच्च" लिहायचं, अंदाजु तर आपलाच अंदाज. तसंच अवकाश. तुझ्या मराठीत अवकाश म्हणजे वेळ किंवा मोकळी जागा, कन्नडमध्ये संधी. "अजून अवकाश आहे" लिहिलंस तर तो समजणार अजून संधी आहे. आपल्या दोन भाषांत शेकडो शब्द सारखे दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो आणि तिथंच पाय घसरतो. शेजारच्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडून करून घे, एक संध्याकाळचं काम आहे.

पत्राचा साचा मात्र घाबरण्यासारखा नाही. वर "इवरिगे" म्हणजे प्रति, मग "मान्यरे", मग "विषय", मग "उल्लेख". विषय हा विषयच आहे आणि उल्लेख म्हणजे संदर्भ. बघ निम्मं तुला येतंच. विषयाची ओळ ही सगळ्यात महागाची ओळ, कारण आवक रजिस्टरमध्ये तेवढीच उतरते. "सहकार्याबाबत" असा विषय टाकलास तर सहा महिन्यांनी तो कागद कुणाला सापडणार नाही. "अमुक गावात २० मुलांची अभ्यासिका, देवस्थानच्या खोलीत, टेबल खुर्च्या व इन्व्हर्टरसाठी निधी मिळणेबाबत" असं लिही. लांब झालं तरी चालतंय.

दुसरं, आणि हे मोठं. तुझा कागद उघडल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न काय आला असता सांगू? पंचायतीच्या गावात ग्रंथालय आहे, आता त्याला अरिवु केंद्र म्हणतात, मग तुमच्या गावात वेगळं कशाला? सात पानं लिहिलीस आणि या एका प्रश्नाला उत्तर नाही. वाचनाचे फायदे दीड पान लिहिलेस, अरे वाचनाला विरोध कुणी केलाय? ज्याला कुणाचा विरोध नाही ते पटवत बसलास आणि जिथं अडणार ते सोडलंस. त्या शंकेला तू स्वतःच उकरून काढ, वरच्या अर्ध्या पानात, आणि तिथंच मिटव. साहेबाला वाटलं पाहिजे की आपल्याला सुचायच्या आधी या पोराला सुचलंय.

तिसरं, ग्रामसभेचा ठराव जोड. कन्नडमध्ये पण ठरावुच म्हणतात. पीडीओंना (पंचायतीचे विकास अधिकारी) भेट, पुढच्या ग्रामसभेत विषय घे. "समस्त ग्रामस्थांची तीव्र इच्छा" याला काडीची किंमत नाही, ठराव नंबर आणि तारीख याला आहे.

आणि देताना आवक नंबर आणि शिक्का घेतलास का? नाही ना. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असल्या ठरलेल्या कामांना सकाल (वेळेत सेवा द्यायचा कर्नाटकचा) कायदा आहे, मुदत असते, नंबर मिळतो. असल्या मागणीच्या कागदाला ती मुदत लागत नाही, तेव्हा तुझ्या हातात तो शिक्का मारलेली प्रत एवढंच शस्त्र. पुढच्या पत्रात "उल्लेख" च्या पुढं तोच नंबर.

मलप्रभाकाठचा:

आवकजावक काका, तुम्हाला कसं कळलं ओ? "खर्चाचे अनुमान" हेच हेडिंग होतं. आता जाऊन बघितलं, कन्नड प्रतीत तसंच आहे. अंगावर काटा आला. आणि आवक नंबर नाही घेतला.

मावशी, वही सुरू केली. १० दिवस देतो, मग येतो.

मलप्रभाकाठचा:

१० म्हणालो आणि १६ दिवस लागले, मध्ये गावची पालखी होती. घरोघर फिरलो, मंडळाची दोन पोरं घेऊन. मला वाटायचं गावात पन्नास साठ तरी शिकणारी असतील, निघाली ३१. जरा खट्टू झालो पण मास्तर म्हणालेत तसं खरं तेच लिहिलंय. एक जुनी शिक्षण संस्था तयार झालीय लेटरहेड द्यायला. नवीन सुरुवात:

"आमच्या गावात दहावी ते डिग्रीची ३१ मुलंमुली आहेत. त्यातल्या १९ जणांच्या घरात अभ्यासाला वेगळी जागा नाही. पंचायतीचं अरिवु केंद्र ७ किलोमीटरवर आहे आणि तिथून गावाकडं शेवटची बस साडेपाचला सुटते, त्यामुळं कॉलेजहून येणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होत नाही. देवस्थान ट्रस्टनं २४ बाय १४ फुटांची खोली ५ वर्षांसाठी लेखी दिली आहे (पत्र सोबत). तिथं २० जणांची अभ्यासिका करायला एकूण १,४२,००० रुपये लागतात: टेबल खुर्च्या ६२,०००, इन्व्हर्टर व बॅटरी २८,०००, वायरिंग दिवे पंखे १७,०००, कपाट व पुस्तकं ३५,०००. यातले २२,००० गावानं जमवले आहेत. उरलेले १,२०,००० आपण द्यावेत ही विनंती. गेल्या १४ दिवसांत संध्याकाळी ६ ते १० या वेळेत ९ दिवस वीज गेली, म्हणून इन्व्हर्टर."

सगळं मिळून दोन पानं झालंय. पोरं म्हणतात एकदम कोरडं झालं, गावाचं कौतुकच नाही. मला पण जरा चुकल्यासारखं वाटूलालंय खरं सांगायचं तर.

जुना_मास्तर:

कोरडं? ७ किलोमीटर, साडेपाचची बस, हे वाचून माझ्या डोळ्यासमोर पोरगं उभं राहिलं. आधीच्या सात पानांत एकही पोरगं नव्हतं.

दोन बारीक गोष्टी. विजेचं वाक्य शेवटी लटकलंय, ते इन्व्हर्टरच्या आकड्याजवळ ने, नाहीतर वाचणारा २८,००० वर अडखळतो आणि कारण त्याला चार ओळी उशिरा मिळतं. आणि एकदा मोठ्यानं वाच, घरात कुणाला तरी ऐकव. जिथं तुझा श्वास संपतो तिथं वाक्य तोड. (मी इथं कसा लिहितो ते बघू नको, इथं मला कुणाचे पैसे मागायचे नाहीत.)

बहिणीचं विचारलं होतंस. तिला सांग, पावसावर निबंध आला तर "पाऊस हा सृष्टीचा प्राण आहे" हे सोड, तुमच्या गावच्या पावसात दप्तर कसं नेतेस ते लिही. मार्क कमी पडले तर माझ्याकडं पाठव त्या तपासनिसाला.

तिसरं_गेट:

आता याला मी फोन केला असता, खरंच. तरी तीन प्रश्न कमिटीत येणारच, आत्ताच घे.

१९ कसे मोजले? एक ओळ घाल: अमुक तारखांना घरोघर जाऊन, यादी सोबत. पोरांची नावं नकोत, घरांची संख्या आणि इयत्ता पुरे.

लाईट बिल कोण भरणार, किल्ली कुणाकडं, बॅटरी तीन चार वर्षांनी जाते ती कोण बदलणार? हे नाही लिहिलंस. आम्ही उद्घाटनाचे नारळ फुटलेली पण दुसऱ्या वर्षी कुलूप लागलेली पुष्कळ कामं बघितलीत, त्यामुळं सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. महिन्याला वर्गणी घेणार असशील तर किती ते लिही, गणपतीच्या वर्गणीतून देणार असशील तर ते लिही, लाज नाही त्यात.

तिसरं, वर्षानं काय दाखवणार? आजचा आकडा आहे तुझ्याकडं, १९. पुढच्या वर्षी रोज सरासरी किती पोरं बसली याचं हजेरी रजिस्टर ठेव आणि प्रस्तावातच सांग की सहा महिन्यांनी एक पानाचा अहवाल पाठवू, खर्चाच्या पावत्यांसकट. आणि तो खरंच पाठव. लोक पैसे मिळेपर्यंत दहा फोन करतात, नंतर आम्हाला अहवालासाठी त्यांच्या मागं पळावं लागतं. अहवालात फक्त हारतुऱ्यांचे फोटो नकोत. ठरवलं काय होतं, झालं काय, काय नाही झालं आणि का, एवढं. नाही झालेलं लिहिणाऱ्यावर जास्त विश्वास बसतो, मावशींच्या परत आलेल्या वड्यांसारखा.

काकवी_मावशी:

३१ मध्ये मुली किती? त्या संध्याकाळी येणार का, कोण सोडायला येणार, वेळ किती वाजेपर्यंत? मुलंमुली म्हणून एका शब्दात उरकलंस. मी त्या कमिटीत असते तर हेच पहिल्यांदा विचारलं असतं.

मलप्रभाकाठचा:

मावशी, १४ मुली आहेत. आणि खरं सांगतो, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. काल आईला घेऊन सहा घरं फिरलो. आठपर्यंत असलं तर पाठवू म्हणालेत, पण देवळाच्या मागची वाट अंधारी आहे म्हणून नाही म्हणालेत चार घरं. म्हणजे वाटेवर एक सोलर दिवा धरावा लागणार आणि बजेट परत मांडावं लागणार. पोरं वैतागलीत माझ्यावर, म्हणतात आता पाठवून टाक की.

आवकजावक:

नको पाठवू. दिव्याचं कोटेशन आण, ग्रामसभा होऊ दे, ठराव लागू दे. आणि ट्रस्टच्या पत्रावर तारीख आहे का बघ आधी, देवस्थानवाले तारीख घालायला नेहमी विसरतात.

मलप्रभाकाठचा:

बघितलं. नाही ओ काका, तारीख नाही. निघालो पुजाऱ्यांकडं.